दिवा लागलेला असेल तर थांबायचं

बाईंच्या वर्गात नियम एकच, पण तो कडक. समोरच्याच्या तोंडातला शब्द आपण पूर्ण करायचा नाही. समोरचा ‘प’वर अडलाय आणि तो ‘पत्ता’ म्हणणार आहे हे भिंतीलाही कळत असलं, तरी तो शब्द त्याचा. त्याला लागेल तेवढा वेळ लागू दे. आपण गप्प बसायचं, आणि तेही घड्याळाकडे न बघता. एकदा एका नव्या गृहस्थांनी मदत म्हणून कुणाचा तरी शब्द पुरा केला, तर बाईंनी त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला होता. गृहस्थ साठीचे होते, चांगल्या हुद्द्यावरचे होते, पण बाईंपुढे कुणाचं काय चालणार!

अडखळत बोलणाऱ्या मोठ्या माणसांचा हा वर्ग. आठवड्यातून एकदा संध्याकाळी, दवाखान्यामागच्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्यांवर भरायचा. अडखळणं घालवून देईन, असं बाईंनी जन्मात कुणाला सांगितलं नाही. “मी गवंडी नाही, भेगा बुजवायला,” असं त्या पहिल्याच दिवशी सांगून टाकायच्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की माणसाला अडखळत का होईना, पण आपलंच वाक्य आपल्याच तोंडाने बोलता आलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्याने ते शेवटपर्यंत ऐकलं पाहिजे. जगात हे दुसरं किती कमी मिळतं, ते अडखळणाऱ्यालाच विचारावं.

या वर्गात धाकटी आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. आज ती चाळिशीला टेकली, डोक्यावर चार पांढरे केस आले, तरी नाव तेच राहिलं. पहिल्या दिवशी तिच्यासोबत तिचा मोठा भाऊ होता. बाईंनी तिला काहीही विचारलं की उत्तर भाऊ द्यायचा. शेवटी बाईंनी भावाला साखर आणायला बाहेर पिटाळलं. साखरेचा डबा गच्च भरलेला होता.

भाऊ गेल्यावर जे बाहेर आलं, ते ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. कॉलेजच्या पहिल्या दिवशी कुणीतरी नाव विचारलं. धाकटीचं खरं नाव तिच्याच घशात अडलं. मागे रांग खोळंबलेली. मग तिने जे नाव सहज सुटलं ते सांगून टाकलं. दोन वर्षं अख्खं कॉलेज तिला त्या भलत्याच नावाने हाक मारत होतं, आणि ती ओ देत होती! जो शब्द अडेल तो टाकून द्यायचा आणि जवळचा दुसरा घ्यायचा, ही तिची विद्या. त्यात ती इतकी तरबेज झालेली, की कुणाला ताकास तूर लागत नसे. लोकांना वाटे, मुलगी जरा गोलगोल बोलते, एवढंच.

ही सवय सोडवायला बाईंना नाकी नऊ आले. पण सोडवली. सोडवली म्हणजे, धाकटी अडायला लागली. आधी अडत नव्हती, चुकवत होती. आता ती शब्दासमोर उभी राहून वाट बघायला लागली. हे ज्याला प्रगती वाटत नाही, त्याने बाईंच्या वर्गात न गेलेलंच बरं.

पुढे ती इंजिनियर झाली, आणि आवाज-चित्र तारेतून पाठवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागली. तिचं काम असं, की एका माणसाच्या कॉम्प्युटरवरून निघालेला आवाज, मध्ये कुठल्या मोठ्या यंत्राकडे न जाता, थेट दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कसा न्यायचा. कोणत्या रीतीने नेला तर लवकर जातो, कोणत्या रीतीने नेला तर गळत नाही, याच्या तुलना करायच्या. बाईंना यातलं ओ की ठो कळत नसे. पण भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना त्या सांगायच्या, “आमची धाकटी आहे ना, ती आवाजाच्या वाटा आखते.” ज्या मुलीचा आवाज तिच्याच घशातून बाहेर यायला वाट शोधत होता, तिने हे काम निवडावं, याचं बाईंना फार कौतुक होतं.

मग बाईंचा खुबा मोडला. दवाखान्यामागची खोली सुटली, आणि बाई दुसऱ्या शहरात मुलाकडे राहायला आल्या. वर्गातली माणसंही एव्हाना चार गावांत पांगली होती. कुणी म्हणालं, आपण फोनवर, एकमेकांची तोंडं बघत वर्ग घेऊ. सगळं जग तसंच बोलतंय. बाई म्हणाल्या, घेऊ.

आणि तिथे घात झाला. जगाचं ठीक आहे हो! जग भराभर बोलतं. जगातलं कुणी दोन क्षण गप्प झालं, तर यंत्र धरून चालतं की हा बोलायचा थांबला, आणि पडद्यावर त्याच्या जागी दुसऱ्याच कुणाचं तरी तोंड मोठं करून दाखवतं. अडलेल्या माणसाला हे म्हणजे बोलता बोलता खुर्चीवरून उठवल्यासारखं. त्यात नेटवर्क बिघडलं की आवाज थांबतो. आता शांतता माणसाची, की तारेची? कसं कळणार? मग कुणीतरी तो प्रश्न विचारतंच, जो हल्ली जिकडेतिकडे ऐकू येतो: “आवाज येतोय का?” अडलेल्या माणसाला याच्याइतकं लागेल असं दुसरं वाक्य नसेल. तो घामाघूम होऊन एका अक्षराशी झुंजतोय, आणि समोरून विचारणा होते की आहात ना!

तो प्रश्न ज्यांना लागला, ते म्हणजे कुलूपवाले काका.

कुलूपवाले काका वर्गातले सगळ्यांत जुने. दणकट देह, किल्ल्या घासून काळी पडलेली बोटं, आणि बोलणं अगदी मोजकं. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायची त्यांची बायको. हे पाठ फिरवून किल्ल्या घासत बसायचे. वर्गातही ते वर्षानुवर्षं नुसते ऐकायला यायचे. त्या संध्याकाळी मात्र ते आपण होऊन म्हणाले, “म-मला एक सांगायचंय.” बाई सावरून बसल्या. काकांनी डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि शांतता. पडद्यावर उघडं तोंड, मिटलेले डोळे. एक श्वास, दोन श्वास, कितीतरी श्वास. वर्गात एक नर्स होती, मनाने लोण्यासारखी, पण तिच्या धंद्यात कुणी असं निपचित दिसलं की हाक मारायची सवय. ती बोलून गेली, “काका, अडकलात का? आवाज येतोय का?” पुढच्या क्षणी काका हलताना दिसले. ते सगळ्यांकडे बघत होते. त्यांनी हात पुढे केला आणि त्यांची चौकट काळी झाली.

त्यानंतर काका आले नाहीत. एक आठवडा नाही, दोन नाही, महिना उलटला. बाईंनी घरी फोन केला तर काकूंनी उचलला. म्हणाल्या, “ते म्हणतात, आता पुरे झालं.” नर्सने रडून गोंधळ घातला. नियम आपण मोडला, काकांचा शब्द आपण तोडला, असं तिला वाटत राहिलं. मग सगळ्यांनी असा काही धसका घेतला, की पुढच्या खेपेला वर्गातल्या बेकरीवाल्याची लाइन खरोखरच गेली, तर सगळा वर्ग त्याच्या गोठलेल्या चेहऱ्यासमोर माना खाली घालून आदराने बसून राहिला. बेकरीवाला तिकडे पाव भट्टीतून काढून, गिऱ्हाईक करून परत आला तरी यांचा आदर संपला नव्हता. हसू येण्यासारखंच होतं, पण कुणी हसलं नाही. त्यानंतर एकेक माणूस गळायला लागला.

बाईंनी धाकटीला लिहिलं, “काका आले नाहीत तर मी वर्ग बंद करणार. ज्या वर्गात माणूस बोलायला घाबरतो, तो वर्ग कसला?”

धाकटीने उत्तर लिहिलं नाही. कंपनीकडे सुट्टी टाकली आणि तीन लॅपटॉप, वायरींचं भेंडोळं आणि एक चपटी पेटी घेऊन बाईंच्या मुलाच्या घरी येऊन थडकली. बाईंच्या सूनबाईंनी दार उघडलं आणि सामान बघून विचारलं, “राहायला आलात की दुकान टाकायला?”

“दो-दोन्ही,” धाकटी म्हणाली.

एक लॅपटॉप बाईंच्या खोलीत, एक माडीवर, आणि मध्ये जिन्यात तिसऱ्याला जोडलेली ती चपटी पेटी. ही पेटी कशासाठी, असं बाईंनी विचारलं, तर धाकटी म्हणाली, “नेटवर्क बिघडवायला.” बाईंना वाटलं, ही थट्टा करतेय. पण तसं नव्हतं. घरातलं नेटवर्क चांगलं होतं, आणि चांगल्या नेटवर्कवर सगळ्याच रीती गुणी दिसतात. काकांच्या गावचं नेटवर्क कसं आहे, नर्सच्या हॉस्पिटलच्या तळघरातलं कसं आहे, हे आधी मोजून घेऊन धाकटी त्या पेटीतून तेवढाच बिघाड मुद्दाम घडवायची. कधी तुकडे गाळायचे, कधी उशिरा सोडायचे, कधी मागचे पुढे. शहाण्यासारखं बिघडवायलाही अक्कल लागते, हे बाईंना त्या दिवशी पटलं.

“आवाज अख्खा जात नाही, बाई,” धाकटीने समजावलं. “त्याचे बा-बारीक तुकडे होतात. एकेक तुकडा सुटा जातो. वाटेत काही हरवतात. आता प्रश्न एवढाच, की ह-हरवलेल्याचं काय करायचं.”

पहिली रीत होती टीसीपी. तिच्यात प्रत्येक तुकड्यावर क्रमांक असतो, पोहोचल्याची पावती मागितली जाते, आणि मधला एक हरवला तर तो पुन्हा येईपर्यंत मागून आलेले सगळे दारात उभे राहतात. काही गळत नाही, पण सगळं खोळंबतं. बाईंनी कानाला हेडफोन लावला. वरून धाकटी वाचत होती. ती मध्येच थांबली. बाई थांबल्या. मग एकदम भडाभडा शब्द आले. “हे तू थांबली होतीस का?” बाईंनी ओरडून विचारलं. “ना-ही!” वरून उत्तर आलं. बाई चिडल्या. ज्या कानांनी तीस वर्षं माणसांचं अडणं ओळखलं, ते कान फसले होते. “ही हट्टी आहे मेली,” त्या म्हणाल्या. तेव्हापासून टीसीपीचं नाव हट्टी.

दुसरी यूडीपी. ही तुकडे भिरकावते आणि मागे वळून बघत नाही. पोहोचले तर पोहोचले. खोळंबा नाही. पण यात जिथे तुकडा गळतो, तिथे भोक पडतं, आणि ते ऐकणाऱ्याला बोचू नये म्हणून ऐकवणारं यंत्र आधीचाच आवाज थोडा ओढून तिथे चिकटवतं. बाईंनी ऐकलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. धाकटी ‘रस्ता’ म्हणत होती. बाईंना ‘रर्रस्ता’ ऐकू येत होतं. “अगं, तुझं ‘र’ कधी अडतं? बाकी सगळं अडतं!” म्हणजे यंत्र माणसाला अडखळायला लावत होतं, आणि वर भोकं बुजवून देत होतं, न विचारता. बाईंचा नियम मोडणारा इतका निर्लज्ज इसम त्यांच्या वर्गात कधी आला नव्हता. ही रीत झाली बेफिकीर.

“मी ब-बेफिकीरच होते, बाई,” जिना उतरून खाली येत धाकटी म्हणाली. “अडलं की टाकायचं. वर काहीतरी चि-चिकटवायचं. कुणाला कळायचं नाही.”

हे ती हसत म्हणाली, पण बाईंना भरून आलं. कंपनीत बसून आलेख बघणाऱ्या शंभर इंजिनियरांना या रीतींतला फरक आकड्यांत कळत असेल. हिला तो घशात माहीत होता.

तिसरी रीत नवी, क्विक नावाची. तिच्यात एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या पट्ट्या आखता येतात. चित्राची पट्टी तुंबली तरी आवाजाची चालू राहते. बाईंनी हिचं नाव शहाणी ठेवलं आणि वाटलं, चला, संपलं, ही घेऊन टाक. पण धाकटी मान हलवत होती. पट्टीच्या आत ही शहाणीही हट्टीसारखीच वाट बघायला लावते. बाजारात एकच पिशवी घेऊन जाणाऱ्यातली धाकटी नव्हेच. ती म्हणाली, तिघींनाही कामाला लावू.

लिहिलेला मजकूर हट्टीकडे, कारण लिहिलेला शब्द उशिरा आला तरी चालतो, अर्धा आलेला चालत नाही. चित्र शहाणीच्या वेगळ्या पट्टीत. आणि आवाज बेफिकीरच्या हाती, पण मोकळा नव्हे. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर त्याच्या आधीच्या दोन तुकड्यांच्या नकला बांधून. एक हरवला तर पुढचा त्याला घेऊनच येईल. तरीही काही गळलंच, तर तिथे खोटा आवाज चिकटवायचा नाही. तिथे एक हलकी टिचकी वाजवायची. म्हणजे ऐकणाऱ्याला कळेल, इथे तारेने खाल्लं.

“आणि शांतता?” बाईंनी विचारलं. “शांतता कुणाची ते कसं कळणार?”

त्यासाठी धाकटीने प्रत्येकाच्या चौकटीखाली एक छोटा हिरवा दिवा काढला. दिवा लागलेला म्हणजे लाइन जिवंत. शांतता आहे ती माणसाची, थांबायचं. दिवा गेला म्हणजे लाइन गेली. खुशाल बोला, चहा प्या. बाईंना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी सूनबाईंना बोलावून दाखवली.

दुसऱ्या दिवशी दिव्याची चाचणी घेतली. धाकटी माडीवरून बोलत होती, बाई खाली ऐकत होत्या. धाकटी एका वाक्याच्या मधोमध थांबली. बाईंनी दिवा बघितला. लागलेला. मग बाई थांबल्या. चेहरा शांत, नजर प्रेमळ, तीस वर्षांची तालीम. बराच वेळ गेला. बाईंच्या मनात आलं, पोरगी आज कसल्या शब्दाशी झुंजतेय कोण जाणे! पाठीला रग लागली तरी त्या हलल्या नाहीत. एवढ्यात धुतलेले कपडे वर नेऊन ठेवून सूनबाई खाली आल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, “आई, तुमचं दोघींचं काय चाललंय? त्या वर तुमच्याकडे बघत बसल्यात, तुम्ही इथे पडद्याकडे बघत बसलाय. बोलत कुणीच नाही!”

झालं होतं असं, की धाकटीचं वाक्य कधीच संपलं होतं. तिने एक विनोद सांगितला होता, आणि बाई कधी हसतात याची ती वाट बघत होती. बाईंना हसायला वेळ लागत असेल तर लागू दे, म्हणून तीही नियमाने थांबली होती. आवाजाची वाट बंद पडली होती, पण दिवा वेगळ्या पट्टीने येत होता, म्हणून तो ऐटीत जळत होता. तिघी हसून हसून दमल्या. मग धाकटीचा चेहरा एकदम उतरला. “दिवा खो-खोटं बोलला,” ती म्हणाली. तिने त्याच बैठकीत आधीची सगळी दिव्याची जोडणी पुसून टाकली, आणि दिवा आवाजाच्याच तुकड्यांना बांधला. आवाजाचे तुकडे आले तरच दिवा. दोन दिवसांची मेहनत तिने अशी बिनतक्रार टाकून दिली.  बाईंनी पुष्कळ हुशार माणसं बघितली होती, पण आपल्या चुकीवर रागवायच्या आधी ती दुरुस्त करायला बसणारी फार थोडी.

जाताना धाकटीने वाट वाकडी केली आणि काकांच्या दुकानात गेली. त्यांना समजावायला नव्हे, फक्त त्यांच्या कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम घालायला. तिथे काय झालं ते तिने संध्याकाळी फोनवर बाईंना सांगितलं. काका पाठ फिरवून किल्ली घासत होते. तिने काम संपवलं आणि दिव्याचं सांगितलं. काकांनी कानस खाली ठेवली.

“माझी ला-लाइन गेली, तर दिवा जाणार?”

“जाणार.”

“सग... सगळ्यांना दिसणार?”

“सगळ्यांना.”

“मग असू दे,” म्हणाले, आणि पुन्हा किल्ली घ्यायला वळले. येतो म्हणाले नाहीत, येत नाही म्हणाले नाहीत. बाईंना या प्रश्नांचा अर्थ लागला नाही. धाकटीलाही लागला नव्हता.

वर्गाच्या संध्याकाळी बाई अर्धा तास आधीच बसल्या. एकेक चौकट उजळली. बेकरीवाला, धाकटी, डोळे सुजलेली नर्स, आणखी दोघं. सहा दिवे लागले. सातवी चौकट काळी होती.  बाईंनी इकडचं तिकडचं बोलायला सुरुवात केली, आणि त्यांच्या बोलण्यात पहिल्यांदाच राम नव्हता. एवढ्यात सातवा दिवा लागला. काका बसले होते, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट.

नर्सला राहवलं नाही. “काका, त्या दिवशी मी तुम्हाला तोडलं, माझी चू-चूक...” काकांनी हात वर केला. तिला थांबवलं. मग तोंड उघडलं.

“त्या...” दिवा लागलेला. कुणी हललं नाही. “त्या दि...” दिवा लागलेलाच.  आणि दिवा गेला.

“काकांची लाइन गेली,” नर्स म्हणाली. दार उघडं राहिलंय असं सांगावं, इतक्या साध्या सुरात. बेकरीवाला म्हणाला, “येतील,” आणि जागेवरून न उठता पाण्याचा घोट घेतला. थोड्या वेळाने दिवा पुन्हा लागला. काका सगळ्यांकडे संशयाने बघत होते.

“आत्ता मी... गे-गेलो होतो?”

“हो, दिवा गेला होता,” नर्स म्हणाली. “तुमचं पुढचं आलं नाही. परत सांगा.”

 मग काका म्हणाले, आणि हे म्हणायला त्यांना फार वेळ लागला, “त्या दिवशीपण ला-लाइनच गेली होती. मी अ-अडलो नव्हतो.”

कुणाला काही कळेना.

“अख्खं वाक्य बोललो. एकदाही अ... अडलो नाही. आयुष्यात प-पहिल्यांदा, इतक्या माणसांसमोर. डोळे उघडले, तर तुम्ही म्हणालात, अडकलात का?”

बाईंच्या डोळ्यांसमोरून तो उघड्या तोंडाचा गोठलेला चेहरा गेला. इतके दिवस सगळे भलत्याच गुन्ह्याची माफी मागत होते. माणूस पहिल्यांदा सलग बोलला, त्याचं वाक्य तारेने गिळलं, आणि ऐकणाऱ्या सगळ्यांनी, तीस वर्षं कान तयार केलेल्या बाईंनीसुद्धा, गृहीत धरलं की तो अडलाच असणार. काकांना वाटलं, सलग बोललो तरी या लोकांना मी अडलेलाच ऐकू येतो. मग बोलायचं कशाला? बाईंना लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही. “चुकलंच आमचं,” त्या म्हणाल्या. “काय बोलला होतात, काका?”

काकांनी या खेपेला डोळे मिटले नाहीत. “दुकानाचा...” ते म्हणाले, आणि थांबले. ओठ दातांत धरला गेला. मानेची शीर फुगली. ते सलग बोललेलं वाक्य गेलं ते गेलंच होतं. आता हे दुसरं होतं, रखडत, ठेचा खात येणारं. धाकटीच्या बाजूला तिचे आकडे दाखवणारा दुसरा पडदा असणार, पण ती तिकडे बघत नव्हती. दिवा लागलेला होता. नर्सने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. बेकरीवाल्याच्या मागे गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. शांतता लांबत गेली, आणि ती कुणाची आहे याबद्दल सात घरांत कुणालाही शंका नव्हती.

“दुकानाचा फ... फ... फोन आता मी उचलतो.”

पुढे काही असेल म्हणून सगळे तसेच थांबले. दिवा लागलेला, माणूस गप्प, म्हणजे थांबायचं. काकांनी एकेका चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या गालावर हसू फुटलं.

“झा-झालं माझं,” ते म्हणाले. “आता तरी बोला की कुणीतरी.”